ऑफिसताईसाठी हातमोजे

घराच्या दाव्यातल्या आजी उठसूट फोन करायच्या. त्याला कंटाळूनच वकीलसाहेबांनी ऑफिसच्या वेबसाइटवर आपोआप उत्तरं देणारा चॅटबॉट बसवला. यंत्रच ते, पण पक्षकारांना बरं वाटावं म्हणून त्याला नाव दिलं 'ऑफिसताई'. आजींचे फोन बंद झाले आणि साहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

आज दाव्याची तारीख होती. कोर्टात जाण्याआधी आजी ऑफिसात आल्या आणि साहेबांकडे न बघताच आतल्या खोलीत डोकावल्या.

"ती पोरगी कुठाय? रात्री-अपरात्री काहीही विचारा, लगेच उत्तर देते. तेच तेच विचारलं तरी एकदासुद्धा वैतागली नाही हो. जेवते तरी कधी कोण जाणे."

त्यांनी पिशवीतून लोकरीचे हातमोजे काढून टेबलावर ठेवले.

"तिच्यासाठी विणलेत. बोटं उघडी ठेवलीत. टाइप करता यायला हवं ना तिला."

साहेबांनी हातमोजे उचलले. खरं काय ते सांगून टाकावं असं मनात आलं, पण जीभ रेटेना.

"ती... नोकरी सोडून गेली, आजी."

आजींनी साहेबांच्या हातातून हातमोजे परत घेतले आणि नीट घडी घालून पिशवीत ठेवले.

"वाटलंच मला," त्या म्हणाल्या. "इतक्या मायेनं बोलणारी पोर, तुमच्याकडे कशी टिकणार?"