बॅटरीवरचा ब्रश

कुपवाडच्या फौंड्रीत वीस वर्षं ग्राइंडर धरून नाथाजींचा हात इतका थरथरायचा, की दात घासताना ब्रश हिरडीवर आदळून रक्त यायचं. शेवटी लेकीनं, अंकितानं, बॅटरीवरचा ब्रश आणला. "आप्पा, तुमी नुसता धरायचा. घासायचं काम मशीन करतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी नाथाजींनी मोरीपाशी उभं राहून बटण दाबलं. ब्रश घुरघुरायला लागला आणि मुठीतून कोपरापर्यंत ग्राइंडरची रोजचीच थरथर चढली. त्यांनी तो बंद केला, पुसून खोक्यात ठेवला आणि आपला जुना ब्रश उचलला.

अंकिता हिरमुसली. "आवडला न्हाई व्हय?"

"लय भारी हाय, पोरी," नाथाजी म्हणाले. "पन आज सुट्टी हाय माझी."