आन्सेल्मचं नाक

लियाँच्या मोटार कारखान्यात पेट्रोलच्या टाकीची परीक्षा म्हणजे म्हाताऱ्या आन्सेल्मचं नाक. तो सांधा हुंगायचा आणि गळकी टाकी मुकाट परत पाठवायचा. सीटखाली बसणाऱ्या नव्या घडणीच्या टाक्यांपैकी मात्र आठवडाभरात एकही परत गेली नव्हती.

"पाहिलंस? याला म्हणतात सुधारणा!" इंजिनिअर पेराशों आन्सेल्मला म्हणाले आणि बायकोमुलांना नव्या मोटारीत बसवायला अंगणात गेले.

न्याहारीला आन्सेल्मने चीजची पुडी सोडली. शेजारचा गास्तों नाक दाबून ओरडला, "काका, काय हा वास! हे मढं बाहेर नेऊन खा!"

सर्दीने लालबुंद झालेलं नाक आन्सेल्मने पुडीत खुपसलं.

"कसला वास?"

बाहेर धुकं दाटलं होतं. मोटारीचे तेलाचे दिवे पेटवायला पेराशोंनी खिशातून काडेपेटी काढली.