पाचपैकी पाच

ड्रायव्हरकाकांनी फॉर्मवरच्या पाचही प्रश्नांपुढे पाचाला गोल केला आणि पेन पहिलवानाच्या हातात दिलं.

"खरंच झोप लागली, काका? माझ्या तर खांद्यांचा चोथा झाला. मागच्या आठवड्यात बरं वाटलं होतं."

"चार तास घोरत होतो. ऐकलं नाहीस?"

घोरणं सगळ्या शेडने ऐकलं होतं. तिथे विमानाच्या पोटाचा एक लाकडी सांगाडा उभा होता, आणि त्यात एकावर एक बर्थ. लांबच्या प्रवासात साध्या तिकिटाच्या माणसालाही अधूनमधून पाठ टेकता यावी म्हणून एका कारखान्याने ही सोय आखली होती. आठवड्यातून एकदा अंधार करायचा, विमानाची घरघर लावायची आणि बारा माणसांना निजवायचं. मग विचारायचं, रुंदी कशी, उंची कशी, चढता-उतरता आलं का, कूस बदलता आली का, झोप कशी लागली.

काकांनी तीस वर्षं लांब पल्ल्याची बस चालवली होती. जोडीदाराच्या हाती गाडी दिली की सामानाच्या डिकीत, बोचक्यांच्या मधोमध ताणून द्यायची. अशा माणसाला झोपायला बोलावणं म्हणजे माशाला पोहण्याचा पगार.

पहिलवान तिनाला गोल करणार, एवढ्यात काकांनी त्याचं मनगट धरलं.

"अरे, तीन काय लिहितोस? आपण नाकं मुरडली तर साहेब लोक म्हणतील, नकोच ही भानगड. बर्थ जाईल भंगारात आणि तुझी काकू बसेल घरात."

काकूंच्या पाठीचं सगळ्यांना ठाऊक होतं. कण्यात सळ्या घातलेल्या. दोन तासांच्या वर बसायचं नाही, आडवं व्हायचंच, आणि उठताना आधी कुशीवर वळून मग हाताच्या जोरावर उठायचं. सरळ उठलात तर पुन्हा ऑपरेशन, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं. मुलगी सोळा तासांच्या विमानापलीकडे राहायची. तिला तिथून निघायची परवानगी मिळत नव्हती. दोन वर्षांच्या नातीला आजीने फोनच्या काचेतच पाहिलं होतं. विमानातल्या पुढच्या, पलंगासारख्या महागड्या खुर्च्यांचं तर नावच काढायला नको.

पहिलवानाने एकदा काकांकडे पाहिलं, आणि पाचाला गोल केला. "तुमच्यासाठी हं, काका."

तेव्हापासून चहाच्या टेबलावर काका सगळ्यांनाच समजवायचे. थोडं सोसा, बाबांनो, पाच लिहा. बाराच्या बारा जण पाच लिहायचे. फॉर्म गोळा करताना इंजिनिअरबाई खूश व्हायची. पोरगी वयाने लहान, पण कामाला वाघ.

घरी काकूंचा सराव जोरात होता. पहिल्याच दिवशी काकांनी बर्थ वितीने मोजून आणला होता, तीन विती चार बोटं. पलंगावर तेवढ्या अंतराने त्यांनी दोन दोऱ्या ताणल्या होत्या. काकू मध्ये निजायच्या, वळायच्या, उठायच्या.

"बघा, दोरीला धक्कासुद्धा नाही."

"तू विमान चालवशील आता."

"चालवीनही. नात समोर दिसत असेल तर."

चौथ्या आठवड्यात काकांचं कोपर भिंतीला घासलं. "पोट सुटलंय माझं," ते घरी म्हणाले.

"झोपून कमावताय, सुटणारच!" काकू हसल्या.

पाचव्या आठवड्यात पहिलवान कानाशी पुटपुटला, "काका, अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. इथे अंथरूणच दर आठवड्याला आखडतंय."

"गादी नवी असेल. लिही पाच."

सहाव्या आठवड्यात काकांना कूस बदलता येईना. त्यांनी मोजायला वीत पसरली आणि तशीच मिटली. मोजलं की कळणार, कळलं की लिहावं लागणार. त्या दिवशी त्यांना झोप आली नाही. डोळे मिटून ते चार तास घोरत राहिले, आणि बाहेर येऊन पाचही पाच लिहिले.

बर्थ पास झाला. कारखान्याने बाराही जणांना घरच्यांसकट बोलावलं. काकू ठेवणीतले कपडे घालून आल्या. काकांनी त्यांना मुद्दाम खालचा बर्थ दाखवला. काकू हळूच आत सरकल्या, छताकडे बघून हसल्या.

"आता वळ," काका म्हणाले.

खांदा भिंतीला अडला. दुसरा पडद्याच्या कठड्याला.

"अहो, वळताच येत नाही." आधी त्या हसतच होत्या. मग हसायच्या थांबल्या. शेवटी दोन कामगारांनी त्यांना गादीसकट बाहेर ओढलं. सगळे बघत होते. काकूंनी कपडे नीट केले.

"राहू द्या हो," त्या म्हणाल्या. "फोनवर दिसतेच की ती."

काका इंजिनिअरबाईपाशी गेले. "बाई, पहिल्या दिवशीचा बर्थ कुठे गेला? तीन विती चार बोटांचा?"

"तो तर आधीच मंजूर होता, काका. तोच बसवणार होतो." तिने मोठ्या कौतुकाने फॉर्मांची फाईल त्यांच्यासमोर उघडली. "फक्त वरून सांगितलं होतं, दर आठवड्याला थोडा कमी करून बघा, आणि कुणा एकाने जरी पाचाच्या खाली लिहिलं, की तिथेच थांबा."