ओळखपत्र

नोकरी गेली त्या दिवशी फाटकावरच्या रखवालदाराने साहेबांचं ओळखपत्र जमा करून घेतलं. बायकोचं हृदयाचं ऑपरेशन तीन आठवड्यांवर आलं होतं, आणि अर्ज केला तर हप्ता स्वतः भरून कंपनीचा आरोग्य विमा पुढे चालू ठेवता येत होता. म्हणून दुसऱ्याच दिवशी साहेब अर्ज घेऊन फाटकावर गेले. बायकोही सोबत होती.

"साहेब, ओळखपत्र?"

"अरे, ते कालच तू घेतलंस ना! मला ओळखत नाहीस का? सोड आत."

"ओळखतो हो. पण ओळखपत्राशिवाय आत सोडायचं नाही."

"बरं, मग अर्ज तूच नेऊन दे."

"विम्याचा अर्ज ज्याचा त्यानेच आत जाऊन द्यायचा, साहेब."

बायको भडकली. "कुठल्या दीडशहाण्याने केलाय हा नियम?"

साहेब बुटांकडे बघू लागले. रखवालदार अवघडला.



"वहिनी, यांना गेल्या वर्षी बक्षीस मिळालं ना, ते याच नियमाबद्दल. टाळ्या आम्हीपण वाजवल्या होत्या."