सातची रिकामी बस

मुलांनो, कल्पना करा, शाळा अकरा किलोमीटर दूर आहे आणि तुमच्या गावची सातची बस बंद झाली आहे. असंच झालं तेव्हा आठवीतली रेवती आगारात जाब विचारायला गेली.

आगाराच्या साहेबांनी संगणकातून काढलेला कागद तिच्यापुढे आपटला. “आकडे बघूनच फेऱ्या ठरवल्यात. सातच्या बसला तिकिटंच फाटत नाहीत. रिकामी गाडी तुझ्यासाठी फिरवू?”

“रोज सव्वीस मुली असतो आम्ही. पण पास असला की तिकीट फाडत नाहीत. मग तुमच्या संगणकाला आम्ही दिसणार कशा?”

“मला शिकवतेस? चल, नीघ.”

दुसऱ्या दिवशी रेवती बाकीच्या पंचवीस जणींना घेऊन चालत आगारात आली. सव्वीस पास तिने साहेबांच्या टेबलावर मांडले, आणि त्यांचं मोजून होईपर्यंत ती दारातून हलली नाही.