पडद्यावरची मोकळी वाट

पडद्यावर पेशंटच्या हृदयाची रक्तवाहिनी मोकळी दिसत होती. “म्हणजे बाबांना डोंगर चढू द्यायला हरकत नाही ना?” त्याच्या मुलीने विचारलं. अँजिओग्राफीचं मशीन चालवणाऱ्या बाईच्या ओठांवर नेहमीचं वाक्य आलं: हातच्या कांकणाला आरसा कशाला? याच पडद्यावर वाहिनी अशीच मोकळी दिसल्यावर हेच तिने स्वतःच्या बाबांनाही ऐकवलं होतं, शिवाय डोंगरासाठी नवे बूट घेऊन दिले होते. पहिल्याच चढावर ते छाती धरून कोसळले, ते कायमचेच. शवविच्छेदनानंतर डॉक्टर म्हणाले, “पडद्यावर आतलाच रस्ता दिसतो गं. रक्तवाहिनीच्या भिंतीला पोसणाऱ्या केसासारख्या वाहिन्या भिंतीतल्याच चरबीत शिरून फुटल्या, भिंत फुगली आणि रस्ताच बंद झाला.” पोसणाऱ्यांनीच केसाने गळा कापला, आणि जो पडदा ती रोज मायेने पुसायची, तो साळसूदासारखा बघत राहिला! शवविच्छेदनानंतर परत मिळालेल्या त्या बुटांची पिशवी अजून तिच्या खुर्चीखालीच होती. तिने ती पायाने मागे ढकलली. “डॉक्टरांना विचारा. मी नुसतं मशीन चालवते.”