काचेची पट्टी

पुलाच्या कामावरच्या साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि भिंतीच्या भेगेवरची काचेची पट्टी निरखून पाहिली. रेल्वे फाटकाच्या जागी पूल बांधायला घेतला तेव्हा त्यांनीच ती प्लास्टरने चिकटवली होती. खांब ठोकताना भिंत हलली तर काच तडकणार, आणि काच तडकली की घरमालकाला भरपाई. काच मधोमध तडकली होती.

घरमालक घड्याळजी शेजारी हाताची घडी घालून उभा होता. सकाळी पट्टीवर अलगद मारलेली हातोडी त्याने आतल्या खोलीत, सुट्या काट्यांच्या डब्याखाली दडवली होती. भेग तर त्याच्या लग्नाआधीची. पण सगळ्या आळीला भरपाई मिळतेय, मग आपणच काय घोडं मारलंय, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती.

साहेबांनी कागदावर 'मंजूर' लिहिलं. मग दारात उभ्या असलेल्या, खांब ठोकणाऱ्या यंत्राच्या ऑपरेटरला वर न बघताच सांगितलं, की उद्यापासून त्याने कामावर येऊ नये. घराला तडा जाईल असं ठोकणारा माणूस त्यांना नको होता.

घड्याळजी एक पाऊल पुढे झाला. हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. तो "साहेब, जरा..." म्हणाला खरा, पण साहेबांनी सहीसाठी कागद पुढे केला आणि त्याने मुकाट्याने सही केली.

ऑपरेटर आत आला. त्याने भेगेवरून हात फिरवला.

"माफ करा, काका. मी जपूनच ठोकत होतो हो. तुमची नात झोपते म्हणून एक ते तीन बंदच ठेवायचो."

घड्याळजीला इतके दिवस ती जेवणाची सुट्टी वाटत होती.

"चालायचंच," तो म्हणाला, आणि त्याला स्वतःचीच किळस आली.

जाताना साहेबांनी जुन्या पट्टीशेजारी नवी पट्टी चिकटवली.

दुसऱ्या दिवशी एक वाजला तरी यंत्र थांबलं नाही. फळीवरची भांडी थडथडायला लागली. नात दचकून उठली आणि तिने भोकाड पसरलं. तिला खांद्यावर घेऊन घड्याळजी भिंतीवरच्या नव्या पट्टीपुढे जाऊन उभा राहिला. आता तरी तडक, तो मनातल्या मनात म्हणत होता.

तीन वाजून गेले. काच होती तशीच होती.